घडीवर कापलेली होडी

मावशीचे गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागले, त्याच वर्षी तिने जाहीर केलं की तिला होडी घ्यायची आहे.

"ताई, कपाटाला जागा नाही म्हणून तुझ्या साड्या सुटकेसमध्ये," आई म्हणाली. "आणि आता होडी?"

"कपाटात बसून मासे धरता येत नाहीत," मावशी म्हणाली आणि पुन्हा कॉलर उलटवायला लागली.

माझी ही मोठी मावशी शाळेचे गणवेश शिवते. एकच खोली, दिवसा ती शिवणाची, रात्री झोपायची. मधोमध कटिंगचं टेबल, त्याची लांबी वाढवायला एक लाकडी जोडफळी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले खाकी कागदाचे पॅटर्न. आजोबा शहराबाहेरच्या तलावात मासे धरायचे तेव्हा त्यांची लाकडी होडी होती. आत झिरपलेलं पाणी डब्याने उपसायचं काम थोरलीचं, म्हणजे मावशीचं. ती चौदा वर्षांची असताना आजोबांची नजर अधू झाली. होडी विकली आणि शिलाई मशीन आलं. त्या मशीनच्या कमाईवर आई शिकली, तिचं लग्न झालं, माझी पुस्तकं आली. मावशी त्याबद्दल कधी काही बोलली नाही. होडीबद्दल मात्र ती एक गोष्ट सांगायची: अनवाणी पाय फळ्यांवर ठेवून गप्प बसलं की खालून पाणी टकटक करायचं. "कुणीतरी दार वाजवावं, पण उघडायची घाई नसावी, तसं."

तो आवाज तिला पुन्हा ऐकायचा होता. बाकी मासे वगैरे निमित्त.

अडचण ठेवायची आणि न्यायची होती. तलावाच्या काठावर रात्रभर काही सोडलं तर पहारेकरी उचलून नेतो, त्यामुळे होडी दरवेळी घरी यायला हवी. आम्ही खोलीत सगळीकडे डोळ्यांनी होडी ठेवून पाहिली, कुठेच मावेना. उरली इमारतीच्या जिन्याखालची जागा. एका बाजूला पाण्याचा पंप, वर उतरता जिना, मध्ये अडीच फुटांची पट्टी. होडी कुशीवर उभी करावी तर जिना आड येत होता; ठेवायची तर पालथीच. न्यायला दूधवाल्याचा टेम्पो होता. तो रविवारी सकाळी दूध टाकून तलावाच्या बाजूला रिकामा परतायचा. "आठ फुटांच्या आत असेल तर न्या," दूधवाला म्हणाला, "पण मासे परत आणताना दुधाच्या कॅनजवळ नको."

जाळी, दोर आणि गळ विकणाऱ्याच्या दुकानात मी तिच्यासोबत गेले. त्याने आधी हवा भरायची रबरी होडी दाखवली. तिची पिशवी होते, बसमधून जाते, पलंगाखाली राहते. मावशीने ती उलटी केली, सुलटी केली, जोडावरून नख फिरवलं.

"मावशी, होडीला अस्तर नसतं," दुकानदार म्हणाला.

"भाऊ, जोड पाहतेय. चांगला आहे. पण हिचा आवाज काय?"

"आवाज? फुटली तर येईल."

मागे भिंतीला टेकून एक लाकडी होडी उभी होती. साडेसात फूट लांब, मधोमध चार फूट रुंद. मावशीने तिच्या तळावर बोटाच्या पेराने ठोकलं आणि कान थोडा पुढे केला. मग पर्समधून टेप काढला, मापं घेतली, माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली.

घरी आल्यावर तिने खाकी कागद चिकटवून लांबच लांब केला आणि होडीचा पॅटर्न कापला. माप समजलं तरी कागद कापून अंगावर लावल्याशिवाय तिचा विश्वास बसत नाही. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमन काकांनी एक टोक धरलं, मी दुसरं. जिन्याखाली पंपाच्या शेजारी कागद अलगद बसला, वर सहा इंच जागाही उरली.

"वा! अगदी पाकिटात पत्र," काका म्हणाले.

मावशीने दुकानदाराला फोन केला, रविवारचा टेम्पो सांगितला. तो सगळा आठवडा ती मशीनवर पाय मारताना गुणगुणत होती. आईनेही टोमणे बंद केले आणि गळाला लावायला कणकेच्या गोळ्या कशा करायच्या ते स्वतःच विचारलं.

शनिवारी दुपारी मी गणवेशांना बटणं लावत होते. समोर बाह्यांच्या आणि पाठीच्या पॅटर्नशेजारी होडी टांगलेली. सहज नजर गेली.

"मावशी, होडी एका बाजूला सरळ का आहे?"

मशीन थांबलं. ती उठली, कागद खिळ्यावरून काढला. सरळ कडेला तिच्याच अक्षरात निळ्या पेन्सिलने लिहिलं होतं: घडी. आयुष्यभर तिने पाठी अशाच कापल्या होत्या. कापड दुमडायचं, अर्धा पॅटर्न ठेवायचा, कापून उलगडलं की पूर्ण पाठ. कागदावर होती ती अर्धीच होडी; पूर्ण चार फुटांची होडी पंपाशेजारच्या अडीच फुटांत मावणारच नव्हती.

मी हसणार होते. तिने तो शब्द अंगठ्याने पुसायचा प्रयत्न केला, तेव्हा मला हसू आलं नाही.

"लिहिलंय मीच," ती म्हणाली. मग कागद गुंडाळत, "फोन लाव त्याला. म्हणावं, पिशवीतली दे."

रविवार तसाच गेला. पुढच्या आठवड्यात तिने कटिंगच्या टेबलाची जोडफळी गल्लीतल्या सुताराकडून दोन तुकड्यांत कापून आणली.

"अगं, गणवेश कशावर कापणार?" आई ओरडली.

"कमी कापीन."

रबराला ओरखडा नको म्हणून तिने दोन्ही तुकड्यांना जाड कापडाचा गोट लावला. असा सफाईदार गोट मी कुठल्याही फ्रॉकला पाहिला नव्हता.

आम्ही बसने गेलो. माझ्या मांडीवर होडी, तिच्या मांडीवर फळ्या. कंडक्टरने विचारलं, "काय आहे?" मावशी म्हणाली, "होडी." त्याने तिकीट दोघींचंच दिलं.

तलावावर वारा नव्हता. हवा भरून माझा दम निघाला. तळाशी फळ्या टाकल्या, मावशीने चपला काढून दोन्ही पाय त्यांवर ठेवले, आणि मी वल्ही मारत होडी थोडी आत नेली.

"थांब," ती म्हणाली.

मी थांबले. पाण्याचे थेंब वल्ह्यावरून ओघळून संपले. ती मान किंचित वाकवून बसली, दुकानात लाकडी होडीला कान दिला होता तशीच. खाली रबर होतं, मऊ आणि मुकं. पाणी आलं असेल तरी कळवून गेलं नाही.

"नाही ना?" मी विचारलं.

तिने मान हलवली आणि गळाला कणीक लावायला घेतली.

पाऊण तासाने दोरी ताणली. बोटभर लांबीचा मासा वर आला, तिच्या हातून सुटला आणि फळीवर पडला. फट, फट, फट. लाकडावर. मावशीचे दोन्ही पाय एकदम आक्रसले. तिने डोळे मिटले. मग लगेच उघडले, माशाच्या तोंडातून गळ सोडवला आणि त्याला पाण्यात टाकून दिलं.

"हा आवाज माशाचा," हात पुसत ती म्हणाली. "तो पाण्याचा होता."

मी वल्ही उचलली. "काठाला घेऊ?"

"बस की जरा," मावशी म्हणाली, आणि फळीवरचे पाय न उचलता तिने गळ पुन्हा टाकला.