राता भाताच्या बियाण्यासाठी: राई ते डहाणू, व्हाया जव्हार

डहाणूला जायला भाईंदरहून सरळ आगगाडी आहे. आम्ही गेलो जव्हारवरून, म्हणजे डोक्यामागून हात नेऊन घास घेतला. कारण एवढंच, की मला पाट्या वाचता येत नाहीत, आणि जिला येत होत्या ती माझी नात वैशाली तेव्हा नववीत होती. सोबत यायची तिची अट होती: भूगोलाच्या पुस्तकात जगातल्या शेतीचे जेवढे प्रकार दिलेत, तेवढे वाटेत दाखवायचे. मी म्हटलं, एसटी जाते तेवढंच जग दाखवीन. आज टाइपही तीच करतेय. मी सांगते तेवढंच टाइप कर, म्हणून बजावलंय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भाईंदरजवळच्या राईत आमचं खाडीकाठचं एक शेत होतं. आदल्या वर्षी उधाणाच्या पाण्याने बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि पांढरं भात जळून गेलं. मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे. बिल्डर भरणी करायला तयार आहे." मुलगा चर्चगेटला नोकरीला, त्याला शेत म्हणजे रविवारची कटकट. मी म्हटलं, मला एकदा राता पेरून बघू दे. राता म्हणजे लाल तांदळाचं भात, खाऱ्या पाण्याला न घाबरणारं. आमच्या आईने ते आम्हा दोघी बहिणींच्या ओटीत घातलं होतं. राईत सगळे पांढऱ्या भाताला भुलले, त्यात मीही, आणि माझं बी संपलं. उरलं असेल तर डहाणूपुढच्या खाडीकाठी, माझ्या थोरल्या बहिणीकडे. आम्ही तिला बाय म्हणतो.

मे महिन्यात निघालो. जाणार असाल तर मेमध्येच जा, पण पाणी घरून न्या आणि जव्हारच्या घाटात खिडकी सोडू नका. पहिला मुक्काम वसई. तिथल्या वाडीत केळी, केळींच्या सावलीत अळू, मधल्या जागेत पानवेली. पाय ठेवायला जागा नाही. वैशूने पुस्तक उघडून सांगितलं, ही सखोल शेती. वाडीवाल्या काकूंनी आम्हाला पिकली केळी दिली, पैसे घेईनात. मी पिशवीतून वालाचं बी काढून दिलं, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

पालघरहून जव्हारची एसटी सुटता सुटता ऊन डोक्यावर आलं. वर डोंगरात एक वारली बाई पालापाचोळा पसरून राब जाळत होती, म्हणजे पावसाआधी रोपांची जागा भाजून तयार करत होती. वैशू पुस्तकातलं वाचू लागली, की अशी डोंगरातली माणसं जंगल जाळून पेरतात, चार वर्षांनी जागा सोडून पुढे जातात, ही स्थलांतरित शेती. मग बाईला विचारलं, तुम्ही कधी जाणार? बाई म्हणाली, माझा सासरा फिरायचा, मी कुठं जाऊ, माझ्या म्हशीला कोण बघेल? आम्हाला नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मिळाला. तशी भाकरी मी परत खाल्ली नाही. स्टँडजवळच्या लॉजवर झोपलो. ढेकूण होते, बाकी स्वस्त.

रात्री वैशूने पुस्तकातलं पहिलं पान वाचलं. म्हणे, पुरुष शिकारीला जायचे आणि बायकांनी झोपडीमागे दाणे टाकले, ते उगवले, तिथून शेती सुरू झाली. मी म्हटलं, एवढं कळायला पुस्तक लागलं?

दुसऱ्या दिवशी डहाणू. रांगेत लावलेले चिकू बघत गेलो. त्याला मळ्याची शेती म्हणायचं, असं कळलं. तिथून टेम्पोत बसून बायच्या दारात.

बाय अंगणात सुकट पसरत होती. मान वर करून म्हणाली, "यमे, इतकी वरसं रस्ता बुजला व्हता का?"

मी म्हटलं, बुजला नव्हता, तुझी जीभ आठवली की पाय अडायचे. दोघी हसलो, मग तिने पदर डोळ्यांना लावला. धूर गेला म्हणाली. चूल पेटलेली नव्हती.

रात्याचं विचारलं तर म्हणाली, आहे, पण बी विकायचं नसतं. न्यायचं आणि पुढच्या वर्षी दुप्पट आणून द्यायचं, स्वतः आणायचं. मी कबूल झाले. ती आत गेली आणि दोन ओंजळी भात फडक्यात बांधून आणलं.

"एवढंच?"

"एवढंच हाय. जास्त न्हाय."

दोन ओंजळीत शेत काय, अंगणही भरत नाही. मी गाठ कंबरेला खोचली. परतीच्या गाडीत वैशू कानाशी लागली. "आजी, आतली कणगी काठोकाठ भरलेली होती. लाल भात. मी पाहिलं."

"मी पण पाहिलं गं."

"मग मागितलं का नाहीस?"

"सगळं आणलं असतं तर पुढच्या वर्षी कशाला जायचं?"

घरी मुलाने गाठोडं हातावर तोललं आणि विचारलं, यात शेत पेरणार? मी म्हटलं, नाही, यंदा घरामागे. वैशूने बापाला पुस्तकातलं झोपडीमागचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. तो हसला, आणि हसला तिथेच फसला. बिल्डरला तीन पावसाळे थांब म्हणाला. पहिल्या वर्षी एक वाफा झाला, त्यातलं दुप्पट बी मी स्वतः बायला देऊन आले, दुसऱ्या वर्षी शेताचा एक कोपरा, तिसऱ्या वर्षी खाऱ्या मातीत अख्खं शेत लाल. मुलाने भाकरी खाल्ली, दुसरी मागितली. त्यानंतर बिल्डरचं नाव त्याने बरीच वर्षं काढलं नाही.

पुस्तक म्हणतं, शेती भुकेमुळे सुरू झाली. असेल. मला विचाराल तर त्या पहिल्या बाईची थोरली बहीण लांब दिलेली असणार.

चौथ्या मेमध्ये माझ्या घरात बी ठेवायला जागा नव्हती, तरी मी बायकडे गेले. सांगितलं, घुशींनी सगळं खाल्लं, थोडं दे.

तिने माझ्याकडे नीट बघितलं, आत गेली, दोन ओंजळी बांधून आणल्या. एक दाणा जास्त नाही.

"राईला घुशी लई झाल्या गो," म्हणाली. "पुढच्या वरसाला पण खातील."