कॉम्प्युटरचं कव्हर

आमच्या घरात काहीही उघडं राहिलेलं मला चालत नसे. टीव्ही, मिक्सर, टेलिफोन, सगळ्यांना मापानं बेतलेली कव्हरं. मुलगा कॉलेजात गेला आणि घरात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या सीपीयूलाही मी निळ्या सॅटिनचं, झालर लावलेलं कव्हर हौसेनं शिवलं. बटण दाबता यावं म्हणून पुढे झडप ठेवली. झडप तेवढी वर करायची, बाकी कव्हर काढायचं नाही, असा माझा नियम. नाशिकरोडची धूळ काय असते ते रोज फडकं मारणारीलाच ठाऊक.

एप्रिल लागला आणि कॉम्प्युटर रुसायला लागला. मुलगा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. शर्यत रंगात आली की सगळं एकदम बंद. ‘आतून तापतोय तो,’ मुलगा सांगायचा. त्यानं बिचाऱ्यानं टेबल भिंतीपासून पुढे ओढलं, खिडकीला ओली चादर लावली, स्वतः घामानं निथळत टेबलफॅन कॉम्प्युटरकडे वळवला. मी आपली शहाणी. ‘आपण उन्हात डोक्याला रुमाल बांधतो की नाही? झाकलेला आहे म्हणून तरी टिकलाय,’ असं सुनवायचे आणि सरकलेलं कव्हर पुन्हा नीट खाली ओढायचे.

ह्यांच्या मते सगळा दोष गेमचा. सिन्नरच्या कारखान्यातून दमून यायचे आणि बंद पडलेला कॉम्प्युटर पाहिला की भडकायचे. ‘पुन्हा बंद पडलेला दिसला तर पिंपळगावला पुतण्याला देऊन टाकीन,’ असं त्यांनी एकदा बजावलं. हे बोलले की करतात, हे मुलाला माहीत होतं. तेव्हापासून तो जीव मुठीत धरून खेळायचा.

एका रविवारी शेजारी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. हे आत झोपले होते. मी पन्ह्याचा पेला घेऊन लवकरच परतले आणि फाटकाबाहेरूनच जाळीच्या दारातून पाहिलं, तर कव्हर घडी करून खुर्चीवर ठेवलेलं आणि मुलगा रंगून खेळतोय. फाटकाची कडी वाजली तसा तो उठला, चालू कॉम्प्युटरवर कव्हर चढवलं, झालर हातानं सारखी केली आणि झडप वर केली. पोराला माझ्या कामाची किंमत आहे, असं वाटून मला तेव्हा चक्क बरं वाटलं. मी त्याच्या शेजारी बसून पन्हं प्यायले. पेला रिकामा होतोय तोवर कॉम्प्युटर बंद पडला.

हे डोळे चोळत बाहेर आले. ‘पडला ना?’

‘हो बाबा. गेम जड आहे,’ मुलगा म्हणाला.

पुढच्या रविवारी कॉम्प्युटर पिंपळगावला गेला.

आमच्या जाऊबाईंना शिवणटिपणाचा भारी कंटाळा. त्यांच्याकडे कशालाच कव्हर नाही, यावरून मी आजवर भरपूर नाकं मुरडली होती. मे महिन्यात त्यांचा फोन आला. पुतण्या दिवसभर तोच गाड्यांचा गेम खेळतो, अभ्यासाला बसत नाही, अशी तक्रार. मी विचारलं, ‘मध्येच बंद नाही का पडत?’ त्या म्हणाल्या, ‘अहो, बंद पडला तर बरंच होईल. एकदासुद्धा पडला नाही.’

मी फोन ठेवला. मुलगा समोरच पेपर वाचत होता.

‘कव्हरमुळे होत होतं, हे तुला माहीत होतं ना?’

‘हं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तू एवढं हौसेनं शिवलं होतंस,’ तो म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.

मी ह्यांना सगळं सांगितलं. दिलेली वस्तू परत कशी मागायची, असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण मला अपराधी वाटतं ते कॉम्प्युटर गेल्यामुळे नाही. त्या पोरानं एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवं होतं. मी भांडले असते, दोन दिवस गाल फुगवून बसले असते आणि कव्हर काढलं असतं. मी एवढंही ऐकून घेणार नाही, असं माझ्या मुलाला वाटत होतं.