डाव्या दाराचा रंग

आमच्या चिखला गावात पांढरी गाडी महिनाभरात राखाडी होते. माझी गडद निळी. खाणीची काळी धूळ तिच्यावर रोज बसायची आणि शाळेत शिकवायला निघताना मी ती कोरड्या फडक्याने पुसायची. त्या फडक्यानेच रंगावर बारीक गोल ओरखडे उमटत गेले, हे मला फार उशिरा कळलं.

गाडी आधी मोठ्या भावाची होती. तो बपेऱ्याला शेती करतो. त्याने नवी घेतली आणि ही मला विकली. "एक खरोच बी नाई पडू देली," असं म्हणाला होता. त्याची जपलेली गाडी आपण खराब केली, या टोचणीने मी पॉलिश करून घ्यायला निघाले.

पहिला माणूस तुमसरच्या रस्त्यावरचा. गाडी न धुताच त्याने मशीन हातात घेतली. तिचा स्पंज मातीत पडला, तो त्याने मांडीवर झटकला आणि पुन्हा बॉनेटला लावायला निघाला. मी किल्ली वापस घेतली. दुसऱ्याला विचारलं, कोणतं पॉलिश वापरता? तो "इम्पोर्टेड आहे" म्हणाला आणि बाटलीचं लेबल आपल्याकडे फिरवलं. मग मला सगळेच लबाड वाटायला लागले.

तिसरा भंडाऱ्याचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. "मॅडम, बाजार करून या, चार-पाच घंटे लागतीन," म्हणाला. म्हणून तर मी जागची हललेच नाही. खुर्ची ओढून गाडीसमोरच बसले.

त्याने गाडी दोनदा धुतली. मातीच्या गोळ्यासारखी मऊ वडी फिरवून चिकटलेले कण काढले. कडांना आणि रबराला टेप लावली. मग एक छोटं यंत्र पत्र्यावर टेकवलं.

"हे कायले?" मी विचारलं.

"रंग किती जाड आहे ते पाहून राहिलो. पातळ असला तं मशीन लावत नाई."

छतावर, बॉनेटवर आकडा शंभराच्या थोडा वर होता. डाव्या पुढच्या दारावर चारशे.

"हे दार पुन्हा रंगवलेलं आहे मॅडम. खाली खड्डा भरायची पुट्टी आहे."

मला वाटलं, आता हा काम वाढवणार. मी यंत्र त्याच्या हातातून घेतलं आणि अंगणात उभ्या असलेल्या त्याच्याच गाडीवर चार ठिकाणी टेकवलं. सगळीकडे शंभराच्या आसपास. तो रागावला नाही. माझ्या दाराचं रबर बोटाने उचलून त्याने आत दाखवलं. तिथे मूळ निळ्यावर जरा फिकट निळ्याची कड होती.

"याले मी मशीन नाई लावत. वरचा थर कसा मारला, कोणाले ठाऊक. हातानं मेण लावून देतो. ओरखडे थोडे राहतीन."

तिथूनच मी भावाला फोन लावला. "दादा, डावं दार कधी ठोकलं होतं?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुही वहिनी गाडी शिकत होती. पुलाच्या कठड्याले घासली. कोणाले सांगू नको म्हणे."

इकडे भंडाऱ्याच्या माणसाने बॉनेटवर आधी तळहाताएवढी जागा पॉलिश केली, मला उन्हात नेऊन दाखवली, मी हो म्हटल्यावरच पुढे गेला. बॉनेट खरंच उजळलं. तरी घरी येताना माझं मन त्या फोनवरच अडकलं होतं. दादाला उत्तर द्यायला एवढा वेळ काहून लागला?

पुढच्या रविवारी दादा-वहिनी आमच्याकडे आले. चहा देताना मी वहिनीला सहज म्हटलं, "वहिनी, आता गाडी चालवता का नाही?"

"मी? मले तं भेवच लागते. स्टिअरिंगले हात बी नाई लावला कधी," ती हसून म्हणाली.

दादा बशीकडे बघत राहिला. वहिनी आत गेल्यावर हळूच बोलला, "मीच ठोकली. चालवता चालवता फोन पाहत होतो. तुले सांगतलं असतं तं तू घेतली असती का?"

"घेतली असती," मी म्हटलं. "पण वहिनीचं नाव काहून घेतलं?"

मी वहिनीला काही सांगितलं नाही. पण त्यानंतर दादा काहीही सांगायला लागला, अगदी यंदा धान बरा आहे एवढंच म्हणाला, तरी मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते.