सर्जेरावमामांचे दोन घास

"आ करा. आ करा म्हटलं न्हवं?"

मी दारात चप्पल काढत होते तोवर हौसामावशींचा आवाज कानावर आला. आत खाटेवर सर्जेरावमामा उशांना टेकून बसलेले. मावशींच्या हातात दूधभाकरीचा कुस्करा, चमचा मामांच्या ओठाला लावलेला. मामांनी गिळलं. दुसरा चमचाही गिळला. आणि पाचच मिनिटांत सगळं बाहेर.

मामांचा जन्म म्हशींत गेला. संध्याकाळी म्हशी दूध कट्ट्यावर उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात द्यायचा, हा त्यांचा धंदा. आता पोटाचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलेला. मी आमच्या पॅलिएटिव्ह केअर टीममधली कौन्सेलर. आजार बरा होणार नाही हे ठरलं की दुखणं, त्रास आणि भीती जमेल तेवढी कमी करायची, हे आमचं काम. पेशंटइतकंच त्याची उस्तवार करणाऱ्या माणसाकडेही बघायचं असतं.

सकाळीच डॉक्टरांचा फोन आला होता. "मॅडम, काल परत उलट्या. त्या बाईंना समजवा. शरीर आता अन्न घेत नाही."

"मागच्या वेळी सांगितलंय, सर."

"मग परत सांगा. घास श्वासनलिकेत गेला तर गुदमरतील."

सांगायला काय जातंय! पण आमच्याकडे पावण्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, तिथे नवऱ्याला उपाशी ठेव असं बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? माणूस खात नाही म्हणून जात नसतो. तो जायला लागलेला असतो, म्हणून भूक मरते. हे पुस्तकात वाचायला सोपं आहे.

मावशींना मी गोठ्यात घेऊन गेले. म्हणाले, "मावशी, बळं बळं भरवू नका. त्यांना त्रास होतोय."

त्या माझ्यावरच उसळल्या. "म्हशीनं वैरण सोडली तर आमी ढोराचा डॉक्टर बोलवतो. आनि मानसानं सोडली तर गप बसायचं व्हय? शिकल्यालं मानूस तुमी, असं कसं बोलता ओ?"

बोलता बोलता त्यांचा तोल गेला. त्यांनी खांब धरला. मी त्यांना खाली बसवलं.

"तुम्ही काय खाल्लंय आज?"

"च्या घेतला की."

"काल?"

"ह्यांनी खाल्ल्याबिगर माझ्या घशाखाली न्हाय उतरत. ह्यांनी दोन घास खाल्लं की मी बी खातो अर्दी भाकरी."

त्यांच्याकडे तशी रीतच. लग्न झाल्यापासून मावशी कधी मामांच्या आधी जेवल्या नव्हत्या. दूध विकून मामा रात्री उशिरा आले, तरी ताट झाकून बसायच्या. आता नवऱ्याची भूकच संपली, तरी रीत काही सुटली नव्हती.

त्यांना साखरपाणी देऊन मी मामांकडे गेले. "मामा, एवढा त्रास होतो तर नको म्हणून सांगा ना मावशींना."

मावशी जवळपास नाहीत ना, हे मामांनी दाराकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "म्याडम, उलटी हुनार ते ठावं हाय मला. पर मी दोन घास गिळलं तरच ती खाती. म्हनून गिळतो. न्हायतर माझ्याबरुबर तिची बी तिरडी बांधायला लागंल."

ती खात नाही म्हणून हा गिळतोय, हा गिळतोय म्हणून ती भरवतेय.

पेशंटने सांगितलेलं त्याला विचारल्याशिवाय घरच्यांना सांगायचं नाही, हा आमच्या कामातला नियम. मी म्हणाले, "हे मावशींना कळायला पाहिजे."

"तुमीच सांगा. मला न्हाय जमायचं."

"मी सांगितलं तर त्या मला शिव्या घालतील. तुम्हीच बोला, मी बसते शेजारी."

आम्ही याला फॅमिली मीटिंग म्हणतो. प्रत्यक्षात मावशी खाटेच्या कडेला टेकल्या आणि मी स्टुलावर. मामांनी त्यांचा हात धरला.

"हौसा, मी तुझ्यासाठनं गिळतोय. आता बास कर."

मावशींना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आवो, मग आदी सांगायचं न्हाय? एवढ्या उलट्या काढल्या माझ्यापायी! पापिन मी!"

"गप. ताट आन तुझं. हितं बसून जेव."

मावशी ताट घेऊन आल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. नवऱ्यादेखत आधी जेवायची लाज.

"हिकडं तोंड कर की. बघू दे."

त्या वळल्या. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि हमसून हमसून रडत चावायला लागल्या.

"कशी झालीया आमटी?"

"खारट."

"रडत जेवल्यावर हुनारच की," मामा म्हणाले.

पेशंटसमोर रडायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं आहे. त्या दिवशी मला ते जमलं नाही.

त्यानंतर मामांना कुणी भरवलं नाही. मावशी त्यांचे ओठ ओल्या फडक्याने टिपायच्या आणि नुसत्या शेजारी बसायच्या. आठवडाभरात मामा गेले, शांतपणे.

दहाव्यानंतर मी भेटायला गेले. त्यांच्या मुलाने, विकासने, मान खाली घालून सांगितलं. अंत्यविधी करून आलं की भावकीतल्या बायका भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि घरच्यांना बळंच चार घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. त्या दिवशी बायका आग्रह करायला सरसावल्या, तर मावशींनी स्वतःच ताट पुढे ओढलं. बायका कुजबुजल्या, "नवरा आत्ता गेला, आनि भूक बघा हिची!" विकासलाही वाईट वाटलं होतं.

मावशी मला म्हणाल्या, "नावं ठेवत्यात ठेवू देत. भाकरी अजून गिळवत न्हाय ओ म्याडम. पर खातो मी. शेवटचं त्यांनी तेवढंच मागितलं माझ्याकडं."

आता मी कुठल्याही घरी गेले की पेशंटचं ताट नंतर बघते. आधी उस्तवार करणाऱ्याला विचारते, तुम्ही काय खाल्लं? "खाल्लं की" असं झटकन उत्तर आलं, तर सरळ स्वयंपाकघरात जाऊन भांडी उघडून बघते.