ट्रेवर सोनचाफा होता

वास म्हणजे काय, हे मुलांना कळावं म्हणून मिसने मला कोपराला धरून पुढे ओढलं.

विरारच्या एका शाळेत मी बालवर्गाची मावशी आहे. त्या दिवशी पालक वर्ग बघायला आले होते. फळ्यावर ‘ास’ लिहिलेला. पुढचं अक्षर तेवढं बदलायचं. घास, तास, रास, वास. शेवट सारखा असला की मुलं लवकर वाचायला लागतात, आणि शब्दागणिक वस्तू दाखवली की विसरत नाहीत. आमच्या वर्गाची हीच रीत. वस्तूंचा ट्रे लावणं माझ्याकडे. पोळीचा तुकडा, बंद पडलेलं घड्याळ, तांदळाची छोटी रास आणि सोनचाफ्याचं एक फूल. फूल मिसच्याच आगाशीच्या वाडीतलं. सकाळी तिनेच आणून दिलेलं.

घास झाला. तास झाला. रास झाली. मग मिसने फुलाकडे बघितलं आणि ते तसंच राहू दिलं.

“आता ‘वास’ कोण सांगेल? या, मावशींच्या जवळ या. आला का वास? कसला?”

“बोंबील!” मुलं ओरडली.

पालक हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकाने हसले, मुलांच्या हुशारीला. एकेका मुलाने नाक चिमटीत धरलं. ट्रे माझ्या हातात होता, म्हणून मला तोंडही झाकता येईना. आणि दुसऱ्या ओळीत माझी नात तन्वी बसली होती. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग तिनेही नाक धरलं.

मिसचा मला हेवा वाटायचा. आधीपासूनच. कशाकशाचा, ते क्रमाने सांगते. तिच्या मऊ हातांचा. तिच्या इस्त्रीच्या ओढणीचा. मुलं धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारतात, त्याचा. त्याच मुलांची नाकं मी पुसते, चड्ड्या मी बदलते, डबे मी उघडून देते. मिठी तिला. सगळ्यात जास्त हेवा घरी वाटायचा. तन्वी ओढणी खांद्यावर टाकून ‘मिस मिस’ खेळायची. मावशी मावशी कधीच नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी तिला जेवायला बसवलं आणि भात कालवून घास पुढे केला. तिने मान वळवली.

“मी चमच्याने खाईन. आजी, उद्यापासून शाळेत माझ्याशी बोलू नको हां.”

मी तिला चमचा दिला.

आमचं घर अर्नाळ्याचं. अंगणासमोर बांबूच्या वलांड्या, त्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. पहाटे दोन दोऱ्या भरून मी आंघोळ करते, साबण दोनदा लावते, आणि मग विरारची बस. वास तरी उरतो. हातात मुरलेला आहे. या हातांवर घर उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बोंबील लावताना जावेला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

“बये, रविवारी आपल्याकडं पापलेट मांगते तवा नाक कुटं ठेवते ती मिस?”

मी हसले. खूप दिवसांनी मोठ्याने हसले. मग हसता हसताच संताप आला. ट्रेवर फूल होतं. मी स्वतः ठेवलं होतं. ते असताना तिने मला उचललं. मी माणूस आहे हे त्या क्षणी तिच्या डोक्यातच नव्हतं. ट्रेवरची एक वस्तू, जरा मोठी.

पुढच्या आठवड्यात नवीन प्रवेशाचे पालक येणार होते. मिस म्हणाली, “मावशी, परत ‘ास’च घेऊ. मागच्या वेळी मुलांच्या छान लक्षात राहिलं.”

मी ट्रे लावला. पोळी, घड्याळ, तांदूळ, फूल. फूल सगळ्यात पुढे ठेवलं, देठ तिच्याकडे करून. ट्रे टेबलावर ठेवला आणि मी दाराशी जाऊन उभी राहिले.

घास झाला. तास झाला. रास झाली.

“मावशी, या ना इकडे.”

“फूल ट्रेवर आहे, मिस. ते दाखवा. मी येणार नाही.”

पालकांच्या माना दाराकडे वळल्या. मिस हसून म्हणाली, “अहो मावशी, गंमत असते.”

“तुमची.”

एवढंच बोलले. मिसचा चेहरा लाल झाला. तिने फूल उचललं. तन्वी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावलं. “पालकांसमोर असं? सॉरी म्हणा, विषय संपवू.” मी म्हटलं, बाकीची सगळी कामं करीन. यादीत आहेत ती आणि नाहीत तीही. सॉरी म्हणणार नाही. काढायचं तर काढा. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची कार्डं कापली. प्रत्येक कार्डाला खाच पाडली आणि तन्वीला वलांडीशी नेलं. बोंबलासारखी जोडी लावायची. घासाच्या जोडीला तास. खाचेत खाच, दोरीवर. अडकवायचं आणि मोठ्याने वाचायचं. हात तिचे भराभर चालले, घरचीच रीत ती.

वासाचं कार्ड आलं. तिने अडकवलं, आणि मोकळा हात नाकाकडे गेला.

मी तो हात धरला आणि खाली आणला.

“वाच.”

“वास,” ती पुटपुटली. माझ्याकडे न बघता.

मिसचा हेवा अजून आहे. परवाच तन्वी धावत जाऊन तिला बिलगली, आणि मी डबे उघडता उघडता बघत राहिले. राहू दे. त्या हेव्याने मला पहाटे उठवलं तरी चालेल. कार्डांची ती दोरी मी रोज बांधणार. वास हे कार्ड वगळणार नाही, मागे सरकवणार नाही. रोज तिच्या हातात देणार. तो हात नाकाकडे जायचा थांबेपर्यंत ती वाचेल, आणि मी समोर उभी राहीन. न धुतलेल्या हातांनी.