मुरवलेला राग

आमच्या काकू कधी भांडल्या नाहीत. भांडण म्हणजे त्यांना उधळपट्टी वाटायची. कुणी टोचून बोललं की त्या पदर सावरत "असं होय," म्हणायच्या आणि चहा ठेवायच्या. नवख्यांना वाटे, किती समजूतदार बाई! जुनी मंडळी मात्र त्या "असं होय"ला टरकून असत. "राग गिळायचा नसतो गं," त्या मला सांगत, "आणि ओकायचाही नसतो. मुरवायचा. लोणच्यासारखा."

काकू मूळच्या सांगलीच्या. काका नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत होते, म्हणून त्या इकडे आल्या आणि काका गेल्यावरही इथेच राहिल्या. मूलबाळ नव्हतं. मी पुण्याहून इथे नोकरीला आले तेव्हा आमचं भाड्याचं घर नेमकं त्यांच्या गल्लीत निघालं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी थालीपीठं आणून दिली आणि गल्लीत कुणाशी किती बोलायचं तेही सांगितलं.

त्यांच्या शेजारच्या डच आजोबांनी एकदा फोडणीच्या वासाची तक्रार केली होती. काकू "असं होय," म्हणाल्या. त्यानंतर आजोबांनी बागेत पाहुणे बोलावले की काकू स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडून सुक्या मिरच्यांचा खकाणा उडवीत. दोन उन्हाळे हे चाललं. पुढे पहिल्या लाटेत आजोबांना कोरोना झाला, तेव्हा काकूंनी त्यांच्या दारात झणझणीत सार नेऊन ठेवलं आणि हिरमुसून परत आल्या. "त्याला वासच येत नाही म्हणे. सगळी मजाच गेली." सार मात्र ते बरे होईपर्यंत रोज जात राहिलं.

"क्षमा हे वीराचं भूषण असतं, काकू," मी म्हणायचे.

"असेल. मी कुठे वीर? मी साधी बाई."

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये इथे संसदेची निवडणूक झाली. कोरोनामुळे मतदान तीन दिवस चाललं होतं, आणि खूण करायची लाल पेन्सिल घरी नेऊ देत होते. काकूंनी ती अंबाड्यात खोचली आणि तशाच माझ्या दारात आल्या. "या देशात एक बरं आहे," त्या म्हणाल्या. "हो की नाही, ते पडद्याआड जाऊन माझं मी ठरवते."

निकालानंतर एका जुन्या वादाला नव्याने तोंड फुटलं. गर्भपात करायचा तर डॉक्टरांशी बोलल्यावर पाच दिवस सक्तीने थांबायचं, विचार करायचा, असा इथे कायदा होता. नव्या संसदेने ती सक्ती काढावी, असं काही पक्षांचं म्हणणं. काहींना तेवढी सक्तीही कमी वाटत होती. टीव्हीवर वाद, वर्तमानपत्रांत वाद, आणि पाहता पाहता आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही वाद. तिथे सर्वांत जास्त लिहीत ते मंडळाचे अध्यक्ष. भ्रूणहत्या हे महापाप, मातृत्व ही आपली संस्कृती, आणि शेवटी जोडलेले हात. हे अध्यक्ष म्हणजे काकूंचे सख्खे धाकटे दीर. काकांनीच त्यांना इथे आणून नोकरीला लावलं होतं. काकू त्यांना भाऊजी म्हणत.

आणि नेमकी तेव्हाच मी त्या सक्तीच्या पाच दिवसांत होते.

माझ्या नवऱ्याचे, अमेयचे, वडील दवाखान्यात म्हणून तो पुण्याला गेला, आणि भारतातून येणारी विमानंच बंद झाली. तो गेल्यावर मला कळलं की दिवस गेलेत. आमची मुक्ता दोन वर्षांची होती. आम्हाला हे मूल नको होतं. ते आम्ही दोघांनी फोनवर ठरवलं, आधी रडत आणि मग न रडता. कारण इथे सांगत नाही. काकूंनीही विचारलं नव्हतं.

"पाच दिवस विचार करायला सांगितलंय होय?" त्या म्हणाल्या. "चल, मग मेथी निवडू."

रोज त्या येत, मुक्ताला भरवत आणि मला कामाला लावत. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "मला कुणी पाच मिनिटंही दिली नव्हती."

लग्नानंतर तीन वर्षांनी त्यांना दिवस राहिले होते. काका तेव्हा ट्रेनिंगसाठी परदेशात. सासूबाईंनी ओळखीच्या डॉक्टरकडे तपासणी करून घेतली आणि मुलगी असल्याचं कळलं. देवदर्शनाला जायचंय म्हणून काकूंना गाडीत बसवलं, आणि गाडी थांबली ती परगावच्या एका दवाखान्यापुढे. "वाटेत मला संशय आला. मी म्हटलं, भाऊजी, गाडी वळवा. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि टेपचा आवाज मोठा केला." त्यानंतर काकूंना मूल झालं नाही.

मी विचारलं, "आणि तुम्ही त्यांना काहीच केलं नाहीत?"

"मुरतंय," काकू म्हणाल्या आणि देठं गोळा करून उठल्या.

ठरल्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या. मुक्ताला अध्यक्षांच्या बायकोकडे ठेवावं लागलं, कारण पाळणाघर बंद होतं. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठल्या दवाखान्यात जायचंय तेही मी बोलून गेले. कोरोनामुळे सोबतीला आत येऊ देत नव्हते, म्हणून काकू बाहेरच्या बाकावर थंडीत बसल्या. फाटकाशी काही माणसं न जन्मलेल्या बाळांची चित्रं घेऊन उभी होती. एक बाई येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पत्रकं कोंबत होती. मी बाहेर आले तेव्हा ती रिकाम्या हाताने उभी होती. "मैत्रिणींत वाटते म्हटलं, तर बिचारीने सगळा गठ्ठा दिला," काकू म्हणाल्या. गठ्ठा कोपऱ्यावरच्या रद्दीच्या पेटीत गेला होता.

दोनच दिवसांनी ग्रुपवर अध्यक्षांचा मजकूर आला. 'आपल्यातीलच एक भगिनी, पती मायदेशी अडकलेला असताना, गुपचूप जे करून आली, त्याने मान खाली जाते.' नाव नव्हतं, पण पती मायदेशी अडकलेली बाई आमच्यात एकच होती. 'पती अडकलेला असताना' या शब्दांतून जे सुचवायचं होतं, तेही सगळ्यांना कळलं. संध्याकाळपर्यंत ते पुण्यात माझ्या सासूबाईंपर्यंत पोहोचलं. अमेयने त्यांना खरं काय ते सांगितलं, पण त्या आठवड्यात वाण्याच्या दुकानात दोन ओळखीच्या बायका मला पाहून दुसऱ्या रांगेत गेल्या.

काकूंनी तो मजकूर माझ्याच फोनवर वाचला. "असं होय," म्हणाल्या. त्या वेळी पहिल्यांदा त्यांनी चहा ठेवला नाही.

मंडळाने निवडणुकीनंतरच्या या वादावर ऑनलाइन चर्चा ठेवली होती. अध्यक्षस्थानी अर्थातच अध्यक्ष. काकूंनी त्यांना फोन केला. "भाऊजी, मला ते कॉम्प्युटरचं काही जमत नाही. तुमच्याकडेच येऊन बसते. दोन शब्द बोलीन म्हणते, वडीलधारी म्हणून." लॉकडाउनभर काकू मुक्ताला व्हिडिओ कॉलवर गोष्टी सांगत होत्या, ते अध्यक्षांना कुठून ठाऊक असणार?

आम्ही आपापल्या पडद्यांसमोर बसलो होतो. अध्यक्षांच्या मागे सोफ्यावर इरकली नेसलेल्या काकू. अध्यक्षांची मुलगी सई रॉटरडॅमच्या तिच्या खोलीवरून कॉलवर आली होती. संस्कृतीवर बराच वेळ बोलून अध्यक्ष म्हणाले, "आता आमच्या वहिनी दोन शब्द सांगतील." काकू उठल्या आणि त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, मला परगावच्या दवाखान्यात नेलंत, तेव्हा गाडी कोण चालवत होतं?"

पडद्यावरचे सगळे चेहरे थिजले. अध्यक्षांचा हात माऊसकडे गेला, पण काकूंचा आवाज बंद करायचा तर स्वतःचाच बंद करावा लागला असता. त्यांनी लॅपटॉप मिटायला हात घातला. काकूंनी वरून त्याचं झाकण धरून ठेवलं.

"वहिनी, हे घरातलं आहे."

"हिचंही घरातलंच होतं."

"तो आईचा निर्णय होता!"

"आईंना गाडी येत नव्हती."

मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पाढे म्हणावेत तसं सगळं सांगून टाकलं. मुलगी होती, मी नको म्हणत होते, यांनी टेप मोठा केला. शेवटी म्हणाल्या, "मला 'नको' म्हणायचं होतं. या मुलीला 'हो' म्हणायचं होतं. तेव्हा गाडी भाऊजींनी चालवली, आता तोंड भाऊजींचंच चालतंय. आता जरा त्यांनी पाच दिवस विचार करावा."

सईच्या चौकटीतून डचमध्ये प्रश्न आला, "पप्पा, इज दात वार?" हे खरं आहे का? अध्यक्ष पुन्हा माऊस शोधू लागले. तिने कॅमेरा बंद केला.

मला त्या संध्याकाळी फार आनंद झाला, हे मी लपवणार नाही. दुसऱ्या दिवशी मी काकूंना एवढंच विचारलं, सईला असं कळायला हवं होतं का? त्या म्हणाल्या, "तिला कळायला हवं होतं असं नाही. तिला कळलंय, हे त्यांना कळायला हवं होतं." पुढचे चार महिने सई काकूंशीही बोलली नाही. ते त्यांनी सोसलं. रोज फोन उचलून पाहायच्या आणि ठेवून द्यायच्या.

अध्यक्षांनी पद सोडलं. मला त्यांचा लांबलचक माफीचा मेसेज आला. मी तो काकूंना वाचून दाखवला.

"पोच दे," त्या म्हणाल्या. "माफी देऊ नकोस."

मी लिहिलं, 'मिळाला.'

त्याच वर्षी हिवाळ्यात कोरोनाने काकूंना गाठलं. हॉस्पिटलमध्ये त्यांनी जवळची व्यक्ती म्हणून माझं नाव सांगितलं होतं. फोनवर धाप लागत होती, तरी विचारलं, "त्या पाच दिवसांचं काय झालं गं?" संसदेत अजून चर्चा चालू असल्याचं मी सांगितलं. "चालू दे," म्हणाल्या. "सई आली होती काल. काचेबाहेर उभी होती. लठ्ठ झालीय." आमचं शेवटचं बोलणं ते. पुढे काही महिन्यांनी ती सक्ती काढण्याच्या बाजूने संसदेने मत दिलं, तेव्हा ते सांगायला मला कुणी उरलं नव्हतं.

अंत्यसंस्काराला छोटीशी खोली मिळाली. अंतर राखून मांडलेल्या मोजक्या खुर्च्या, आणि कुणाला बोलवायचं ते माझ्यावर सोपवलेलं. सई पुढच्या रांगेत बसली होती. विधी सुरू व्हायच्या आधी दारातल्या माणसाने येऊन मला हळूच सांगितलं, बाहेर एक गृहस्थ आलेत, दिवंगत बाईंचे दीर आहेत म्हणतात, जागा आहे का?

काचेच्या दाराबाहेर पावसात ते उभे होते. हातात फुलं. माझी नजर मिळताच त्यांनी मान किंचित झुकवली. सईनेही मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा पुढे तोंड करून बसली.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर माझी पर्स ठेवली आणि त्या माणसाला सांगितलं, जागा नाही.