सूचीबाईंच्या बासष्ट ओळी

सूचीबाईंचं खरं नाव संगणक केंद्रात दोघांनाच माहीत होतं, पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाला आणि स्वतः बाईंना. एकोणीस वर्षं एकच काम केलं की माणसाला कामाचंच नाव चिकटतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही याचं.

काम असं. केंद्राच्या तळमजल्यावर, थंडगार खोलीत, एक भलंमोठं यंत्र दिवसरात्र घोंघावत असायचं. ते कुणा एकाचं नव्हतं. वीस-बावीस संस्थांतले संशोधक आपापल्या टेबलावरून त्यावर लॉग इन करायचे, गणितं लावायचे आणि रांगेत थांबायचे. यंत्रावर चारशेच्या वर सॉफ्टवेअर, त्यांतल्या बऱ्याचशांच्या तीन-तीन, चार-चार आवृत्त्या. प्रत्येक आवृत्तीचं एक मॉड्यूल. हवं ते नाव टाकून उचलायचं, काम झालं की ठेवून द्यायचं. आता एवढ्या डब्यांतून आपला डबा कुठला हे कळावं म्हणून प्रत्येकाला दोन वर्णनं. एक कमांड दिली की सगळ्यांची एकेक ओळ पडद्यावर यायची, ते छोटं. दुसरी दिली की एकाचंच पानभर निवेदन उलगडायचं, ते मोठं: हे काय करतं, काय करत नाही, आपण काही सांगितलं नाही तर स्वतःच्या मनानं काय धरून चालतं. दोन्ही बाई लिहायच्या.

छोट्याला दहा मिनिटं लागत. मोठ्याला दोन दिवस. कारण लिहिण्याआधी त्या उत्तर ठाऊक असलेलं एक लहानसं गणित त्या सॉफ्टवेअरला घालायच्या, आलेलं उत्तर आपल्या हिरव्या वहीशी ताडून बघायच्या आणि मगच शेवटी लिहायच्या, "वरचं उदाहरण या यंत्रावर चालवून पाहिलं, उत्तर जुळलं." खाली तारीख आणि आपली आद्याक्षरं.

आणि लोक काय करायचे? फोन करायचे.

"मॅडम, याला फाईल कुठल्या प्रकारची लागते?"

"मोठ्या वर्णनात तिसरा परिच्छेद."

"हो, पण तुम्ही पटकन सांगा ना."

बाई पटकन सांगायच्या आणि रिसीव्हर आपटायच्या.

घरीही तीच गत. फ्रिजच्या दारावर चिठ्ठी असायची, "भाजी वरच्या कप्प्यात. बाकी वहीत." यजमान चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. भाजी तेवढी काढायचे. वहीला त्यांनी जन्मात हात लावला नाही.

"अगं, एवढं सगळं कोण वाचतं?"

"वाचलं असतं तर परवा गिझर जळला नसता."

"गिझरचं चिठ्ठीत लिहायचं मग."

या माणसाशी बोलून उपयोग नाही हे बाईंना पस्तीस वर्षांपूर्वीच कळलं होतं.

एका मंगळवारी सकाळी एक बाई थेट त्यांच्या खोलीत येऊन उभी राहिली. वय तिशीच्या पुढे, खांद्याला जड पिशवी, डोळे रडून झालेले. पुलांच्या खांबांवर पुराचं पाणी किती जोरानं आदळतं, यावर तिचं काम चाललं होतं. तिच्या संस्थेत तिला सगळे पुलवाली म्हणायचे, असं तिनंच सांगितलं. तिनं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. एका मोठ्या वर्णनाची छापील प्रत होती ती. ओळीओळीखाली पेन्सिलीच्या रेघा, कडेला बारीक टिपणं, शेवटच्या परिच्छेदापर्यंत.

एकोणीस वर्षांत बाईंनी आपलं मोठं वर्णन असं वाचलेलं पाहिलं नव्हतं. क्षणभर त्यांना बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"इथं लिहिलंय," पुलवालीनं बोट ठेवलं, "काही सांगितलं नाही तर खांब खडबडीत धरला जातो. म्हणून मी काही सांगितलं नाही. सात आठवडे गणितं चालली. उत्तरं भलतीच कमी येताहेत म्हणून काल सॉफ्टवेअर करणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, या आवृत्तीपासून आम्ही खांब गुळगुळीत धरतो."

"कुठली आवृत्ती?"

"तुमची सगळ्यात नवी. खाली लिहिलंय ना, चालवून पाहिलं, उत्तर जुळलं."

बाईंनी चष्मा वर सरकवला आणि तारीख पाहिली. आवृत्ती आली होती मागच्या वर्षी. तपासल्याची तारीख त्याआधी तीन वर्षांची. मूल जन्मायच्या आधीच दहावी पास. आद्याक्षरं मात्र बाईंचीच.

"तुझा अहवाल कधी द्यायचाय?"

"सहा आठवड्यांनी. त्यावरून त्या पुलाची डागडुजी ठरायची आहे. सगळं परत चालवायला चार आठवडे लागतील, पण माझ्या वाट्याचे यंत्राचे वर्षाचे तास संपलेत. राखीव तास मागितले. तुमचे साहेब म्हणतात, चूक केंद्राची असेल तरच ते मिळतात."

"आणि चूक कुणाची म्हणतात?"

"माझी. म्हणाले, तारीख बघायला हवी होती."

बाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शेजारच्या खोलीत घाईभाऊंकडे गेल्या. यंत्रावर सॉफ्टवेअर बसवायचं काम यांचं. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक काम गाडी सुटत असल्यासारखं करणारा.

"नवी आवृत्ती बसवलीत की वर्णनाची फाईल कुठून आणता?"

"जुनीच कॉपी मारतो ताई. फक्त आवृत्तीचा आकडा बदलतो."

"आणि शेवटचं वाक्य?"

"कुठलं?"

"चालवून पाहिलं, उत्तर जुळलं. खाली माझी सही."

घाईभाऊंनी डोकं खाजवलं. "ते येतंच की त्याच्याबरोबर. पण ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं. तुमची ती मदतनीस गेली तेव्हाच. तुम्ही म्हणालात, राहू दे, मी नंतर बघते."

ते खरं होतं. मदतनीसाची जागा रद्द झाली, आवृत्त्यांचा पाऊस पडत राहिला, आणि 'नंतर बघते' यातला नंतर काही उजाडला नाही. खोलीत परतून त्यांनी मोजलं. बासष्ट. बासष्ट मॉड्यूलांखाली त्यांची सही होती आणि त्यांतल्या एकालाही त्यांनी हात लावला नव्हता. कुणी वाचत नाही म्हणून इतकी वर्षं कुरकुर केली आणि जिनं वाचलं तीच बुडाली, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

साहेबांनी दुपारी बोलावलं. त्यांच्या टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता.

"एवढी सही करा. वापरणाऱ्या व्यक्तीनं स्वतः खातरजमा न करता मॉड्यूल वापरलं, असं आहे त्यात."

"खातरजमा आम्ही केली असं आम्हीच लिहिलंय, साहेब."

"तारीख जुनी आहे. शहाण्या माणसाला कळतं."

"तिनं आमच्यावर विश्वास ठेवला, हा तिचा वेडेपणा का?"

"बाई, तुमची तीन वर्षं राहिलीत. कशाला डोक्याला ताप? केंद्राची चूक असं कागदावर आलं, की उद्या प्रत्येक जण राखीव तास मागायला येईल."

"ज्याचं नुकसान झालंय त्यानं यावंच."

"तुम्ही सही करणार की नाही?"

"करते की. माझ्या कागदावर करते."

त्यांनी परत येऊन दोन पानांचं निवेदन लिहिलं. कुठली फाईल कधी कॉपी झाली, तपासणी कशी झालीच नाही, ती बघायचं काम आपलं होतं आणि आपण ते केलं नाही, आणि म्हणून पुलवालीचे तास केंद्रानं भरून द्यावेत. सही, तारीख. या वेळी तारीख आजची. निवेदन साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

ते तिथंच राहिलं. बुधवारी साहेब बैठकीत होते. गुरुवारी बाहेरगावी. शुक्रवारी बाई दारात उभ्या राहिल्या तर म्हणाले, "वाचतो, फार मोठं लिहिलंय तुम्ही." पुलवाली रोज फोन करायची, रोज तेच विचारायची आणि बाईंना रोज तेच सांगावं लागायचं, अजून नाही गं. सहातला एक आठवडा असा हातातून निसटला. इतका हताश राग बाईंना मदतनीसाची जागा गेली तेव्हाही आला नव्हता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा समोर तसाच ठेवून त्या विचार करत बसल्या. राखीव तास द्यायचा अधिकार आपल्याला नाही. साहेबांना वाचायला लावायचाही नाही. आपल्या हातात आहेत फक्त वर्णनं. आणि मोठं कुणी वाचत नाही.

डबा बंद करून त्यांनी बासष्ट फायली उघडल्या. प्रत्येकीच्या मोठ्या वर्णनातून आपली खोटी सही काढली आणि छोट्या वर्णनाच्या अगदी सुरुवातीला दोन शब्द घातले, "तपासलेलं नाही." सुरुवातीलाच, कारण पडदा अरुंद असला की ओळीचं शेपूट कापलं जातं, आणि शेपटाकडे कोण बघतंय?

मंगळवारी सकाळी ज्यानं ज्यानं यादी मागवली, त्याच्या पडद्यावर ओळीमागून ओळ तेच दोन शब्द उतरत गेले. साडेदहापासून फोन सुरू झाले. या वेळी सूचीबाईंना नव्हे, साहेबांना. वीस-बावीस संस्था, आणि प्रत्येकीच्या प्रमुखाला एकच प्रश्न, तपासलेलं नाही म्हणजे काय?

साहेब स्वतः बाईंच्या खोलीत आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच, त्यामुळे कुठली खुर्ची डुगडुगते हे त्यांना माहीत नव्हतं. नेमके तिच्यावरच बसले.

"हे काय लावलंय तुम्ही?"

"छोटं वर्णन आहे, साहेब."

"लोक विचारताहेत मला. मी त्यांना काय सांगू?"

"मोठं वर्णन तुमच्या टेबलावर आहे. आठवडा झाला."

साहेब डुगडुगत्या खुर्चीवरून सावरत उठले. "आधी ते शब्द काढा."

"जसजसं तपासून होईल तसतसे काढते. मदतनीस मिळाली तर लवकर निघतील."

मदतनीस मिळाली नाही. पण फोन थांबेनात, आणि फोनवर सांगायला साहेबांना काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी अखेर ती दोन पानं वाचली. दुपारी तीनला पुलवालीच्या राखीव तासांवर सही झाली. मागितलेल्या तासांतला पाऊण हिस्साच मिळाला, का ते कुणी सांगितलं नाही. बाईंनी तिला फोन केला.

"पाऊण हिस्सा मिळालाय. कुठले खांब गाळायचे ते तू ठरव."

"कडेचे दोन गाळते, त्यांना पाणी कमी लागतं. अहवालात तसं लिहीन. पण मॅडम, खडबडीतपणा आता कसा सांगायचा?"

"मोठं वर्णन काढ. काल-आज बसून नव्यानं लिहिलंय. तुझं मॉड्यूल पहिलं तपासलं, उत्तर जुळलं."

"वाचते."

"वाच. आणि या वेळी तारीखही बघ."

पलीकडे पुलवाली आठवड्यात पहिल्यांदा हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांच्यापुढे एकसष्ट उरली होती, आणि प्रत्येकाला दोन दिवस.

चौथ्या मॉड्यूलावर होत्या तेव्हा घाईभाऊ दारातून डोकावले. "ताई, एक नवी आवृत्ती बसवलीय. वर्णनपण टाकलंय."

"कॉपी मारलंत?"

"मारलं. आकडा बदललाय."

बाईंनी कपाळाला हात लावून ती फाईल उघडली. खाली कुणाची सही नव्हती. वर पहिलेच दोन शब्द, "तपासलेलं नाही." कॉपीबरोबर तेही आले होते. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाईंनी फाईल बंद केली आणि हिरव्या वहीच्या समासात उरलेल्यांचा आकडा एकोणसाठचा साठ केला.